एका गॅरेजची सुनावणी

असा प्रसंग तुम्ही आपल्या गावात नक्कीच पाहिला असेल. एकाने परसात गोठा घालायला काढला. मेढी पुरल्या, वासे चढले, पत्रे आले. आणि मग शेजारचा येऊन उभा राहिला. "अरे, तुझ्या पत्र्याच्या पागोळ्या माझ्या भिंतीत मुरणार की!" पहिला म्हणतो, "जागा माझी, पत्रे माझे; तू कोण विचारणार?" झाले! तेथून जो तंटा सुरू होतो तो कधी पंचायतीत, कधी तालुक्याच्या कोर्टात, तर कधी काठीवर जाऊन पोचतो.

दुसऱ्याच्या घरची कशाला, आमच्याच घरची गोष्ट सांगतो. माझ्या आजोबांनी असाच एक गोठा घातला होता. उतार शेजाऱ्याच्या अंगाला. शेजाऱ्याने हरकत घेतली, आजोबांनी ती मनावर घेतली नाही. दावा अकरा वर्षे चालला. ज्या दोन घरांनी पिढ्यान् पिढ्या एका विहिरीचे पाणी प्यायले, त्या घरांनी एकमेकांच्या लग्नाला जाणे सोडले. निकाल लागला तेव्हा गोठ्यात गुरेही उरली नव्हती. निकाल कोणाच्या बाजूने लागला हे मी वडिलांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, "वकिलांच्या." त्यावर मी पुढे काही विचारले नाही.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती अमेरिकेत. 2018 सालच्या मे-जूनच्या सुटीत मी माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. न्यू जर्सी राज्यातल्या एका लहानशा गावात त्याचे घर आहे. त्या दिवसांत त्याच्या डोक्यात एकच विषय होता: गॅरेज. गॅरेज म्हणजे मोटार ठेवण्याची खोली. तुम्ही म्हणाल, यात एवढे काय? आपल्याकडे ट्रॅक्टरला चार पत्रे उभे केले की काम भागते. पण तिकडचा हिवाळा वेगळा. रात्रीत हातभर बर्फ पडते, मोटार त्यात गाडली जाते, आणि सकाळी कामावर निघण्यापूर्वी माणसाला तास तास फावड्याने बर्फ उपसावे लागते. माझ्या मावशीचे गुडघे दुखतात; तिला दवाखान्यात न्यायचे तर बर्फावरून हात धरून मोटारीपर्यंत न्यावे लागे. तेव्हा त्याची गरज खरी होती, चैनीची नव्हती.

अडचण होती जागेची. त्याच्या घरासमोरचा रस्ता वळण घेतो. त्यामुळे जमिनीचा तुकडा पुढे साठ फूट रुंद आणि मागे निमुळता झाला आहे, आपण सुपासारखा म्हणतो तसा. त्यातून मागच्या बाजूला एक ओहळ वाहतो आणि अर्धे परस त्या ओहळाकडे एकदम उतरते. सपाट जागा म्हणून जी उरते ती उत्तरेच्या कुंपणाला लागून, रुंदीने अवघी सतरा फूट. आणि त्या गावाचा नियम असा की, असे कोणतेही बांधकाम बाजूच्या हद्दीपासून आठ फूट आत असले पाहिजे. सतरातून आठ गेले, उरले नऊ. नऊ फुटांत भिंती उभ्या करून मोटार आत घालायची म्हटली तर दार उघडून माणूस बाहेर यायचा कसा? भावाला सोळा फुटांचे गॅरेज हवे होते. मोटार, बर्फ काढायचे यंत्र, सायकली, सगळेच त्यात मावले असते. म्हणजे भिंत कुंपणापासून फक्त एक फुटावर येणार. त्याने गावच्या कचेरीत अर्ज केला. अर्ज नामंजूर होऊन परत आला. सोबत सूचना अशी, की तुम्हांला नियमातून सूट हवी असेल तर मंडळापुढे मागा.

या सुटीला तिकडे 'व्हेरिअन्स' म्हणतात. आपण तिला 'नियमसूट' म्हणू. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या नियमसुटीविषयी; कारण तिच्यात आपल्या गावोगावच्या तंट्यांना उपयोगी पडेल असे काही आहे, असे मला वाटते.

प्रथम नियम आला कोठून ते पाहू. अमेरिका म्हणजे वाटेल तसे वागायची मुभा, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. जमिनीच्या बाबतीत एके काळी तो बराचसा खराही होता. 1915 साली न्यूयॉर्क शहरात इक्विटेबल बिल्डिंग नावाची इमारत पुरी झाली. जवळजवळ चाळीस मजले, आणि रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेलेली. तिची सावली सुमारे सात एकरांवर पडे असे सांगतात. सात एकर म्हणजे आपल्याकडे एका बऱ्या कुटुंबाची शेती! तेवढ्या जागेतल्या शेजाऱ्यांचा उजेड एका मालकाने घेतला, आणि त्याला अडवणारा कायदाच नव्हता. लोकांत कुरकुर पूर्वीपासून होतीच. तिला आता जोर चढला, आणि 25 जुलै 1916 रोजी न्यूयॉर्कने संपूर्ण शहराला लागू होणारा विभागनियम, म्हणजे 'झोनिंग', मंजूर केला. कोठे घरे, कोठे दुकाने, कोठे कारखाने, हे ठरले. इमारत उंच न्यायची तर वरचे मजले मागे मागे घेतले पाहिजेत हेही ठरले.

मग ही पद्धत देशभर पसरली आणि अर्थातच कोर्टातही गेली. ओहायओ राज्यात युक्लिड नावाचे एक गाव आहे. तेथे एका जमीन-कंपनीची 68 एकर जमीन होती. गावाने विभागनियम केले. त्यामुळे त्या जमिनीच्या बऱ्याच भागावर कारखाने काढता येईनात. कंपनी म्हणाली, आमच्या जमिनीची किंमत बुडाली. 1926 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल गावाच्या बाजूने दिला. निकालपत्र न्यायमूर्ती सदरलँड यांचे. त्यात त्यांनी दिलेला दाखला आपल्या शेतकऱ्याला चटकन पटेल असा आहे. डुक्कर ही काही वाईट वस्तू नव्हे. पण ते अंगणामागच्या खुराड्यात शोभते, बैठकीच्या खोलीत आले की उपद्रव होतो. अशा आशयाचे ते बोल आहेत. वस्तू चांगली असून चालत नाही, तिची जागाही योग्य असावी लागते. विभागनियमाचे सारे मर्म यात आले.

पण नियम करणाऱ्यांपुढे पहिल्यापासून एक पेच होता. कचेरीत बसून नकाशावर पट्टीने रेघ ओढता येते; जमीन मात्र पट्टीसारखी नसते. कोठे ती निमुळती, कोठे खडकाळ, कोठे मधूनच ओढा. तोच नियम दहा जणांना सोयीचा आणि अकराव्याला फास. म्हणून न्यूयॉर्कने 1916 मध्ये नियमांबरोबरच एक मंडळही नेमले, ज्याला अशा अडलेल्या माणसाचे ऐकून घेता येईल. घरातल्या प्रेशर कुकरला जसा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह असतो तसाच हा प्रकार. तो नसेल तर कुकर फुटतो. आणि तोच सदा उघडा राहिला तर डाळ शिजत नाही! सूट मुळीच नाही म्हटले तर अन्याय. आणि मागेल त्याला सूट म्हटले तर मग नियम कशाला?

मग सूट द्यायची कोणाला? न्यू जर्सीच्या 1975 च्या कायद्यात याची कसोटी घालून दिलेली आहे. शिक्षकमंडळींनी ती लक्षात ठेवावी, कारण ती नागरिकशास्त्राचा एक उत्तम धडा आहे. पहिली गोष्ट, अडचण जमिनीची असावी, माणसाची नव्हे. जमीन विलक्षण अरुंद आहे, आखूड आहे, वेड्यावाकड्या आकाराची आहे किंवा चढउताराची आहे, आणि म्हणून नियम तिच्यावर जाचक होतो, हे दाखवता आले पाहिजे. माझ्या तीन मोटारी आहेत, मला हौस आहे, माझ्या मेव्हण्याकडे असे गॅरेज आहे, हे मुद्दे चालत नाहीत. दुसरी गोष्ट, अडचण आपण होऊन ओढवून घेतलेली नसावी. स्वतःच अर्धी जमीन विकायची आणि मग जागा अपुरी म्हणून रडायचे, हे खपत नाही. आणि तिसरी गोष्ट, सूट दिल्याने लोकांचे मोठे नुकसान होता कामा नये, आणि मूळ नियमाचा हेतूही बिघडता कामा नये. याखेरीज एक वेगळी वाटही आहे: सुटीपासून गावाचे हित हानीपेक्षा बरेच जास्त होत असेल तर तेवढ्यावरही ती मिळू शकते. पण एका घराच्या गॅरेजला सहसा पहिलीच वाट चालावी लागते.

कसोटी अशी, आता रीत पाहा. अर्जदाराने मोजणीचा नकाशा जोडायचा, फी भरायची. मग कचेरीतून एक यादी घ्यायची. कसली? तर आपल्या जमिनीपासून दोनशे फुटांच्या आत ज्यांची ज्यांची मालकी आहे त्या सर्वांची. त्यांतील प्रत्येकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस पोचली पाहिजे. समक्ष किंवा पोचपावतीच्या टपालाने. शिवाय त्या वर्षी वर्तमानपत्रातही जाहिरात द्यावी लागली. नोटिशीत कसूर झाली तर मंडळाला प्रकरण ऐकण्याचाच अधिकार राहत नाही. म्हणजे सूट मागणाऱ्यानेच आपल्या शेजाऱ्यांना सांगायचे, "मी अमुक करणार आहे, तुमची हरकत असेल तर अमुक दिवशी येऊन बोला."

माझ्या भावाने नोटिसा पाठवल्या. उत्तरेच्या कुंपणापलीकडे पंचाहत्तरीच्या एक बाई एकट्या राहत. त्यांनाही नोटीस गेली, टपालाने. मी त्याला म्हणालो, "अरे, कुंपण कमरेएवढे आहे. बाई रोज सकाळी भाजीच्या वाफ्यात असतात. चार शब्द बोलून का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "दादा, इथे अशी पद्धत नाही. आणि जागा माझी आहे, त्यांना काय विचारायचे?" खरे सांगतो, ते शब्द ऐकून मला क्षणभर आजोबाच बोलताहेत असे वाटले.

सुनावणी जून महिन्यात, संध्याकाळी साडेसातला. स्थळ गावची कचेरी. एका लांब टेबलामागे सात सभासद बसलेले, गावातलेच लोक. एक जण शाळेत शिकवणारे, एक नळाची कामे करणारे, एक निवृत्त बाई, अशी मंडळी. या कामाचा त्यांना पगार नाही. लोकांसाठी खुर्च्या मांडलेल्या. कोणीही यावे, बसावे, विचारावे. पण बोलणाऱ्याला आधी शपथ घ्यावी लागते. कारण येथली साक्ष म्हणजे गप्पा नव्हेत.

भाऊ उभा राहिला. वकील त्याने दिला नव्हता. घरमालकाला स्वतःचे म्हणणे स्वतः मांडता येते. त्याने सुरुवात केली बर्फापासून. मग आईच्या गुडघ्यांवर आला. मुद्दा हृदयाला भिडणारा होता, लोक माना हलवीत होते. अध्यक्षांनी त्याला सौम्यपणे थांबवले. म्हणाले, तुमच्या आईंविषयी आम्हांला सहानुभूती आहे. पण बर्फ तर सगळ्या गावावर पडते. तुमच्या जमिनीत असे काय आहे जे इतरांच्या जमिनीत नाही, ते सांगा. भाऊ गडबडला. मग त्याने नकाशा उघडला, आणि निमुळता आकार, ओहळ, उतार, सतरा फुटांची सपाटी हे सारे दाखवले. आता सभासद पुढे वाकून पाहू लागले. आईचे गुडघे आज दुखतात, उद्या घर विकले जाईल, पण ओहळ तेथेच राहणार. आणि सूट मिळते ती जमिनीबरोबर राहते. म्हणून कारणही जमिनीतलेच लागते.

मग शेजारच्या बाई उठल्या. मला वाटले, आता भांडण. पण त्या शांतपणे म्हणाल्या, की माझा भाजीचा वाफा त्या कुंपणालगत आहे. दक्षिणेकडून ऊन येते. एक फुटावर उंच भिंत आली तर वसंतात आणि शरदात, सूर्य खाली असतो तेव्हा, वाफ्यावर सावली पडेल. आणि दुसरे म्हणजे, छपराचा उतार माझ्याकडे आहे. हिवाळ्यात छपरावरचे बर्फ घसरून माझ्या पायवाटेवर पडेल. मी एकटी असते. पाय घसरून पडले तर कोणाला कळणारही नाही.

काय आश्चर्य पाहा! हजारो मैलांवर, परक्या देशात, आणि गाऱ्हाणे तेच: पागोळ्यांचे! आमच्या गावात पाणी, येथे बर्फ, एवढाच फरक.

सभासदांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. सोळाच फूट का? बारात एक मोटार बसत नाही का? यंत्र आणि सायकली पाठीमागे लांबीत ठेवता येतील का? छपराचा उतार उलटा करता येईल का? भावाचा चेहरा उतरला. त्याला आपली इच्छा पुरी हवी होती. पण सूट ही अडचणीपुरती असते, इच्छेएवढी नव्हे. बारा फूट गॅरेज, म्हणजे सतरातून पाच फूट कुंपणापासून मोकळे राहतात. सात फुटांची सूट मागितली होती. तीन फुटांत काम होते.

भावाने थोडा वेळ घेतला आणि नकाशा दुरुस्त करण्यास तो कबूल झाला. सूट मंजूर झाली, पण अटींवर: रुंदी बारा फूट, हद्दीपासून अंतर पाच फूट, छपराचा उतार त्याच्या स्वतःच्या अंगणाकडे, पन्हळ लावून पाणी आपल्याच जमिनीत सोडायचे, आणि उंचीलाही मर्यादा. मते सहा विरुद्ध एक. विरुद्ध मत देणाऱ्या सभासदांनी कारण सांगितले, की आठ फुटांचा नियम आगीच्या भीतीनेही केलेला आहे आणि तो सहसा मोडू नये. त्यांचेही म्हणणे नोंदले गेले. पुढे लेखी ठराव होतो, त्यात कारणे द्यावी लागतात. आणि कोणाला तो मान्य नसेल तर 45 दिवसांत कोर्टात जाता येते. कोणी गेले नाही.

बाहेर आलो तेव्हा अजून उजेड होता. भाऊ त्या बाईंपाशी गेला आणि म्हणाला, "छपराचे माझ्या लक्षात आले नव्हते." बाई म्हणाल्या, "तू विचारले असतेस तर मी सांगितले असते." बस, एवढेच. त्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून लेट्यूसची एक जुडी दिली. आणि माझ्या मावशीने त्यांना थालीपीठ नेऊन दिले. ते त्यांना आवडले की नाही कळले नाही, पण ताटली धुऊन परत आली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तिकडचे सगळे चांगले आणि आपले सगळे वाईट! तसे मुळीच नाही. याच विभागनियमांचा तिकडे फार वाईट उपयोगही झाला आहे. काही शहरांनी काळ्या लोकांनी कोठे राहावे हेच नियमाने ठरवले होते. ते सुप्रीम कोर्टाला 1917 साली रद्द करावे लागले. मग पुष्कळ गावांनी वेगळी युक्ती काढली. प्रत्येक घराला इतकी मोठी जमीन हवी असा नियम केला, की गरिबाला तेथे घर घेणेच अशक्य व्हावे. 1975 मध्ये न्यू जर्सीच्याच वरिष्ठ कोर्टाने माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात सांगितले, की असे नियम करून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. तात्पर्य, नियम कोणाचा उजेड राखण्यासाठी आहे आणि कोणाला दाराबाहेर ठेवण्यासाठी, हे नेहमी तपासून पाहिले पाहिजे.

आपल्याकडेही नियम नाहीत असे नाही. उजेड आणि वारा वीस वर्षे निर्वेध उपभोगला तर त्यावर हक्क जडतो, हे 1882 च्या कायद्यातच आहे. गावात बांधकामाला ग्रामपंचायतीच्या परवानगीची तरतूद 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात केलेली आहे, आणि नगररचनेचा कायदा 1966 चा आहे. शहरांच्या बांधकाम-नियमांत, खरी अडचण दाखवली तर नियम शिथिल करण्याचा अधिकारही अधिकाऱ्यांना दिलेला आहे. म्हणजे व्हॉल्व्ह आपल्यापाशीही आहे. पण आपली रीत पुष्कळदा अशी: आधी बांधायचे, मग ते 'नियमित' करून घ्यायचे. आणि सूट मागताना आपण जातो साहेबाकडे. ज्याच्या वाफ्यावर सावली पडणार, त्या शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. त्याला कळते ते भिंत उभी राहिल्यावर. आणि उभ्या भिंतीशी बोलणे कोणाला जमले आहे?

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. उद्या तुम्हांला गोठा घालायचा असेल, ट्रॅक्टरसाठी पत्रे टाकायचे असतील, तर पहिली कुदळ मारण्यापूर्वी दोरी घेऊन शेजाऱ्याला बोलवा. म्हणा, "भाऊ, एवढे बांधणार आहे, उतार या अंगाला ठेवणार आहे. तुमची काही अडचण?" पंचायतीची परवानगी त्याने चुकत नाही, ती घ्यायचीच, पण तंटा बहुतेक चुकतो. आणि शेजाऱ्याने अडचण सांगितली तर स्वतःला एवढेच विचारा, की मला हवे आहे किती आणि माझी गरज आहे किती?

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात एकदा अशी सुनावणी भरवून पाहा. एका मुलाला गोठा बांधू द्या, एकीला शेजारीण करा, सात जणांचे मंडळ नेमा, फळ्यावर नकाशा काढा. अट एकच: मंडळाने निकालाची कारणे लिहून द्यायची, आणि ज्याचे मत वेगळे असेल त्याचेही कारण लिहायचे. मी आमच्या कॉलेजात हा प्रयोग केला. पहिल्या दिवशी सगळे एकदमच बोलत होते. तिसऱ्या खेपेला मुले एकमेकांचे बोलणे संपेपर्यंत थांबू लागली. नागरिकशास्त्राचे पुस्तक यापेक्षा अधिक काय शिकवणार?

आमच्या गावी तो गोठा आता नाही. त्या जागी गवत वाढले आहे. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा शेजारच्या घरातले नातू आणि आमच्या घरातली मुले तेथेच किल्ला करीत होती. हद्द कोठे होती ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि मलाही ती नक्की दाखवता आली नाही.